पॅनेलच्या दारावरचे दिवे, बटणं आणि हूटर: निवड, जोडणी, चाचणी

मशीनच्या कंट्रोल पॅनेलच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या विजेच्या कपाटाच्या, आतलं वायरिंग कितीही देखणं असलं, तरी दार लावलं की ते कुणालाच दिसत नाही. ऑपरेटरला दिसतात ते दारावरचे दिवे, बटणं आणि माथ्यावरचा टॉवर लाइट, म्हणजे एकावर एक रंगीत दिव्यांचा खांब. ऐकू येतो तो हूटर. मशीनला काही सांगायचं असेल तर ते एवढ्यातूनच सांगता येतं. तरीही ऑर्डर आली की या वस्तू सगळ्यात शेवटी ठरतात. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण), ब्रेकर यांच्यावर आठवडाभर चर्चा होते आणि मटेरियल लिस्टमध्ये दिव्यांच्या वाट्याला एक ओळ येते: ‘इंडिकेटर, १ सेट’. मला हे पटत नाही.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलचं डिझाइन आणि टेस्टिंग बघते. आमची पॅनेलं चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत जातात. डिप्लोमा करून नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी जे पहिल्या महिन्यात सांगते, ते इथे कामाच्या क्रमानेच लिहिते आहे.

सुरुवात कागदावर

कॅटलॉग उघडायच्या आधी एक तक्ता करा. मशीन जे जे सांगणार आहे त्याची एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न: हे कोण बघणार, किती अंतरावरून बघणार, आणि बघून काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो दिवा लावू नका. दारावर दिवे जितके वाढतात, तितकं कामाच्या दिव्याकडे लक्ष कमी जातं.

हायड्रॉलिक प्रेस घ्या. फिल्टर चोक झाल्याचा सिग्नल मेंटेनन्सच्या माणसाला पाळी सुरू होताना कळला तरी चालतो, त्यामुळे त्याला दारावरचा एक पिवळा दिवा पुरे. तेल तापलं तर ऑपरेटरने हातातली सायकल पूर्ण करून प्रेस थांबवायला हवी. तो प्रेससमोर, पॅनेलला पाठ करून उभा असतो, म्हणून हा सिग्नल टॉवर लाइटवर, लुकलुकत, आणि सोबत छोटा बझर. पंपाची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली तर मशीन आपोआप थांबतं, पण ते का थांबलं हे सुपरवायझरला गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायला हवं. एकाच मशीनचे तीन सिग्नल, पण तिघांच्या जागा वेगळ्या. हा तक्ता ग्राहकाकडे पाठवा आणि त्यावर सही घ्या. पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

रंगांचा घोळ

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण आपल्याकडे एकाच शेडमध्ये दोन परस्परविरोधी पद्धती नांदतात.

सबस्टेशन, स्विचगिअर आणि जुन्या मोटर कंट्रोल सेंटरच्या पद्धतीत लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. त्यामागचा विचार सरळ आहे: ब्रेकर लागला आहे, पुढे वीज आहे, हात लावू नका, म्हणून लाल. ब्रेकर सुटला आहे, म्हणून हिरवा. मशीनच्या पद्धतीत याच्या उलट. मशीनच्या विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात लाल म्हणजे धोका, ताबडतोब काहीतरी करा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडायला लागलं आहे, लक्ष द्या. हिरवा म्हणजे सगळं ठीक. निळा म्हणजे तुम्ही अमुक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि पांढरा म्हणजे नुसती माहिती.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण होते ती शेजारी आल्यावर. रांजणगावच्या एका कारखान्यात कूलिंग वॉटर पंपाचं जुनं पॅनेल आणि नव्या मशीनचं पॅनेल एकाच भिंतीला लागून होतं. पंपाच्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे पंप चालू. रात्रपाळीला आलेला नवा मुलगा मशीनवर शिकलेला. त्याने लाल दिवा बघून पंपात बिघाड आहे असं समजून धडधाकट पंप बंद केला. पाणी थांबलं, आणि पाठोपाठ मशीनही तापून थांबलं. त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं. त्याला जे शिकवलं होतं त्याप्रमाणेच तो वागला.

म्हणून ग्राहकाला लेखी विचारा: तुमच्या शेडमध्ये आज लाल म्हणजे काय? जे उत्तर येईल ते ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर लिहा. नवी शेड असेल तर मशीनची पद्धत सगळीकडे लावा, पंप-ब्लोअरच्या पॅनेललाही. जुनी शेड असेल तर तिथली पद्धत मोडण्याआधी मेंटेनन्स प्रमुखाशी बोला. एकट्या तुमच्या पॅनेलवर वेगळा नियम लावून धोका वाढतो.

आर, वाय, बी फेजचे तीन दिवे यात आणखी भर घालतात, कारण तिथे लाल-पिवळ्या-निळ्याचा अर्थ फक्त फेज एवढाच आहे. ते तीन दिवे दाराच्या अगदी वर, इतरांपासून हाताच्या पंजाइतकं अंतर सोडून लावा आणि तिघांना मिळून ‘सप्लाय’ अशी एकच पट्टी द्या. पिवळ्या फेजच्या दिव्याशेजारी ‘तेल गरम’चा पिवळा दिवा आला, तर तो बिघाडाचा दिवा कुणीही वाचणार नाही.

बटणांचे रंग वेगळे ठरतात. स्टार्टला मानकात पांढऱ्याला पसंती आहे, करडा, काळा, हिरवा चालतात, लाल चालत नाही. स्टॉपला काळ्याला पसंती, लाल चालतो, हिरवा अजिबात नाही. आपल्याकडच्या ऑपरेटरच्या हाताला हिरवा स्टार्ट आणि लाल स्टॉप इतका बसलेला आहे की मी तोच ठेवते. रीसेटला निळा. जॉगला, म्हणजे दाबून धरेपर्यंतच चालणाऱ्या बटणाला, काळा किंवा पांढरा.

आणि रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात, आणि त्यातल्या काहींना स्वतःलाही ते माहीत नसतं. दिव्यांचा क्रम सगळ्या पॅनेलांवर एकच ठेवला तर जागेवरूनही अर्थ कळतो.

इमर्जन्सी स्टॉप

लाल मशरूम बटण, मागे पिवळी तबकडी. दाबलं की अडकून राहिलं पाहिजे आणि फिरवून किंवा ओढूनच सुटलं पाहिजे. सुटल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळा रीसेट आणि मग स्टार्ट. उंची जमिनीपासून ०.६ ते १.७ मीटरच्या मध्ये. हे बहुतेकांना माहीत असतं. दाराच्या मागे काय होतं ते मात्र फार कमी जण बघतात.

मशरूमचं डोकं दारात बसतं आणि त्याच्या मागे कॉन्टॅक्ट ब्लॉक, म्हणजे सर्किट जोडणारा-तोडणारा स्विचचा ठोकळा, खटकन अडकवलेला असतो. हा ब्लॉक एनसी, म्हणजे एरवी बंद असलेला आणि दाबल्यावर उघडणारा. वायर तुटली तरी सर्किट तुटून मशीन थांबतं, म्हणून एनसी. आता समजा दार रोज आपटलं जातं, किंवा कुणी घाईत ब्लॉक काढून नीट न खटकवता परत लावला, आणि तो मागच्या मागे निसटून वायरवर लोंबकळू लागला. एनसी कॉन्टॅक्ट एरवी बंदच असतो, त्यामुळे सर्किट जोडलेलंच राहतं. मशीन छान चालू. बाहेर लाल बटण जागेवर. आणि ते दाबलं तर काहीही होत नाही, कारण त्याच्या मागे दाबायला काही उरलेलंच नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. स्वतःवर लक्ष ठेवणारे कॉन्टॅक्ट ब्लॉक मिळतात. त्यात एनसीच्या सिरीजमध्ये आणखी एक कॉन्टॅक्ट असतो, जो ब्लॉक डोक्याला अडकलेला असेल तरच बंद राहतो. ब्लॉक निसटला की सर्किट तुटतं आणि मशीन थांबतं. इमर्जन्सी स्टॉपसाठी मी दुसरा ब्लॉक मागवत नाही. ब्लॉकवर वर्तुळातल्या बाणाचं चिन्ह आहे का तेही बघा. कॉन्टॅक्ट चिकटला असला तरी बटणाच्या जोराने तो उघडतोच, याची ती खूण.

इमर्जन्सी स्टॉपची वायर नुसती पीएलसीच्या इनपुटला नेऊन काम संपवू नका. दोन स्वतंत्र एनसी, दोन वेगळ्या वाटांनी सेफ्टी रिलेत (दोन्ही वाटा जोडलेल्या असतील तरच मशीन चालू देणारं उपकरण), आणि पीएलसीला फक्त ‘दाबलं गेलं आहे’ एवढी बातमी. आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून कुणीही मशीनमध्ये हात घालू नये. त्यासाठी मेन आयसोलेटर, म्हणजे सगळा सप्लाय तोडणारा स्विच, पाडून कुलूप लावायचं असतं. हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये म्हणते.

आणखी एक, इथल्या रिवाजातलं. खंडेनवमीला मशीन आणि पॅनेल दोन्हींची पूजा होते, झेंडूचे हार चढतात. पूजा मनापासून करा, पण हार इमर्जन्सी स्टॉपवरून जाऊ देऊ नका, आणि हळदकुंकू पंख्याच्या फिल्टरवर उधळू नका. ग्राहकाला मी हे दसऱ्याच्या आधी फोन करून सांगते.

बंद असूनही मिणमिणणारा दिवा

पूर्वी पॅनेलवर बीए९एस टोपीचे छोटे तारेचे बल्ब असत. ते तापत आणि दर काही महिन्यांनी जात. एलईडी आल्यापासून तो त्रास संपला, पण एक नवा आला: मोटर बंद, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) सुटलेला, तरी ‘चालू’चा दिवा अंधारात मिणमिणतो. ऑपरेटर घाबरतो, वायरमन चक्रावतो, आणि पहिला संशय दिव्यावर जातो. दिवा बदलला तरी नवाही मिणमिणतो.

कारण बहुतेक वेळा केबलमध्ये असतं. २३० व्होल्टचा कंट्रोल सप्लाय आणि परतीचा सिग्नल एकाच मल्टिकोअर केबलमधून लांबवर गेले की शेजारच्या दोन कोअर, म्हणजे केबलमधल्या सुट्या तारा, मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. शंभर मीटर केबलमधून असा अर्धा-पाऊण मिलिअँप करंट सहज येतो. जुन्या बल्बला त्याने काही झालं नसतं. चांगल्या एलईडीला मात्र तेवढाही पुरतो.

हे ओळखायचं कसं? डिजिटल मल्टिमीटर लावलात तर तो साठ-सत्तर किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही फसाल, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याच दोन टर्मिनलवर होल्डरमधला साधा तारेचा बल्ब लावा. व्होल्टेज एकदम शून्याजवळ आलं, तर ते नुसतं इंड्यूस झालेलं, म्हणजे शेजारच्या कोअरमुळे आलेलं, होतं. बल्ब पेटला, तर खरोखर कुठेतरी चुकीची वायर लागली आहे. मग ड्रॉइंग उघडा.

इंड्यूस झालेलं असेल तर उपाय तीन. पहिला, आपल्या बाजारात ‘एलव्हीजीपी’ म्हणून मिळणारे दिवे घ्या. ठरावीक व्होल्टेजच्या खाली ते पेटतच नाहीत. नव्या कामात मी २३० व्होल्टसाठी हेच लिहिते. दुसरा, जुन्या पॅनेलवर दिव्याला समांतर रेझिस्टर. ३३ किलोओहमचा लावला तर दिवा चालू असताना त्यात दीड वॉटहून जास्त उष्णता होते, म्हणून ५ वॉटचा वायरवाउंड घ्या आणि पीव्हीसीच्या वायरींपासून दूर, टर्मिनलवर पक्का बसवा. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, म्हणजे दारावरचं सगळं २४ व्होल्ट डीसीवर आणा. लांबच्या सिग्नलला पॅनेलमध्ये रिले द्या आणि दिवा त्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर घ्या. दारावर २३० व्होल्ट नसेल तर दार उघडून काम करणाऱ्याचा जीवही सुरक्षित राहतो.

केबल आखूड असूनही मिणमिणत असेल तर सिग्नल कुठून येतो ते बघा. ट्रायॅक आउटपुट, सॉलिड स्टेट रिले, दोन वायरींचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, हे इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही थोडा करंट सोडतात. निदान तेच, उपायही तेच.

टॉवर लाइट आणि हूटर

टॉवरमध्ये लाल वर, मग पिवळा, खाली हिरवा. पॅनेलच्या माथ्यावर लावायची सवय असली, तरी मशीनचं गार्ड किंवा शेजारचा रॅक आडवा येत असेल तर ब्रॅकेट घेऊन मशीनच्या खांबावर लावा. जागा ठरवताना स्वतः ऑपरेटरच्या आणि सुपरवायझरच्या जागी उभे राहा, आणि तेही भर दुपारी. छपरात पारदर्शक पत्रे असलेल्या शेडमध्ये दुपारी बाराला मंद टॉवर पेटला आहे की नाही तेच कळत नाही. त्याच्या वायरींत एक कॉमन असते. ती प्लसची आहे की मायनसची, आणि तुमच्या पीएलसीचं आउटपुट प्लस देतं की मायनस, हे मागवतानाच जुळवा. साइटवर कळलं तर प्रत्येक रंगाला एकेक रिले लावत बसावं लागतं.

लुकलुकणं राखून वापरा. लुकलुकणारा म्हणजे ‘अजून कुणी दखल घेतलेली नाही’, स्थिर म्हणजे ‘दखल घेतली, दुरुस्ती बाकी’. क्रम असा ठेवा: बिघाड आला की दिवा लुकलुकतो आणि हूटर वाजतो, ऑपरेटरने ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं की हूटर बंद, दिवा स्थिर, बिघाड गेला आणि रीसेट केलं की दिवा विझतो. अ‍ॅक्सेप्टने हूटर थांबला पाहिजे, बिघाडाची नोंद पुसली जाता कामा नये. चाकणला एका लाइनवर पिवळा दिवा सारखा लुकलुकताना मी बघितला आणि तिथल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, तो दिवाळीपासून असाच लुकलुकतोय. आम्ही त्याच्याकडे बघायचंच सोडलं.” एअर प्रेशर स्विचची सेटिंग काठावर होती, इतकंच. पण त्या लाइनवर पिवळ्या दिव्याला अर्थ उरला नव्हता.

हूटरचा नियम: आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान १५ डेसिबल जास्त, आणि ६५ डेसिबलहून कमी कधीच नाही. कॅटलॉगमधला आकडा बहुतेक वेळा एक मीटरवरचा असतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात; म्हणजे एक मीटरला १०० असलेला हूटर आठ मीटरवर ८२ च्या आसपास येतो. प्रेस शॉपमध्ये आवाज ९० असेल तर तो हूटर तिथे ऐकूच येणार नाही. अशा ठिकाणी मोठ्या हूटरमागे लागण्यापेक्षा झगझगता फ्लॅशर द्या, कारण माणसांनी कानात प्लग घातलेले असतात आणि तसे ते घालायलाच हवेत.

आमच्या भोसरी-पिंपरी भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, आणि बरीचशी पॅनेलं बसवली जातात ती गुरुवारीच, कारण त्या दिवशी सप्लाय बंद करता येतो. शेड शांत असते. हूटर वाजवला की कान बधिर होतात, सगळे खूश होतात, सही मिळते. शुक्रवारी प्रेस सुरू झाल्या की तोच हूटर कुणाला ऐकू येत नाही. हूटरची चाचणी चालू पाळीतच करा. उलट टोकही बघितलं आहे: लहानशा खोलीत इतका मोठा हूटर की तिथल्या माणसांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला. बोळा दिसला तर माणसांना रागावू नका. आवाज कमी-जास्त करता येणारा हूटर लावा.

भोकं आणि दारामागची जागा

दारावरच्या बहुतेक वस्तूंना २२.५ मिलिमीटरचं भोक लागतं, काही जड जुन्या मालाला ३०.५. वस्तू फिरू नये म्हणून भोकाला वरच्या बाजूला सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासची खाच असते. ती पाडायचा कंटाळा करू नका, नाहीतर सिलेक्टर स्विच वर्षभरात नटासकट फिरायला लागतो. मानकाप्रमाणे शेजारच्या भोकांत किमान ३० आणि वरखाली ५० मिलिमीटर अंतर लागतं, पण नावपट्टी आणि हातमोजे घातलेली बोटं धरून मी दोन्हीकडे ६० च्या खाली जात नाही.

भोकं पावडर कोटिंगच्या आधी पडली तर उत्तम. नंतर पाडावी लागली तर होल सॉपेक्षा हायड्रॉलिक पंच वापरा; कड स्वच्छ येते आणि रंग उडत नाही. बर, म्हणजे भोकाच्या कडेचे धारदार कंगोरे, कानसून काढा, उघड्या पत्र्याला टचअप लावा, मगच गॅस्केट. आत माल बसलेल्या पॅनेलच्या दारावर ड्रिल मारायची वेळ आली तर आधी आतलं सगळं प्लास्टिकने झाका. लोखंडाचा एक कीस ड्राइव्हमध्ये गेला तर काय होतं, ते ड्राइव्हची किंमत माहीत असलेल्याला सांगायला नको.

दाराच्या मागे एकावर एक चढवलेले कॉन्टॅक्ट ब्लॉक बरेच खोल जातात. समोरच्या माउंटिंग प्लेटवर नेमकी तिथेच वायरींची डक्ट किंवा मोठा कॉन्टॅक्टर आला की दार लागत नाही, किंवा लागतं आणि ब्लॉक ढकलला जातो. ब्लॉक निसटतात ते असेही. ड्रॉइंगमध्ये बाजूने बघितलेली आकृती काढा.

दाराची वायरिंग

दारावर जाणारी वायर बारीक तारांची फ्लेक्सिबल कॉपरच हवी, १ चौरस मिलिमीटर पुरते. सगळ्या वायरी बिजागरीच्या बाजूनेच न्या, स्पायरलमध्ये गुंडाळा, दारावर आणि चौकटीवर दोन्हीकडे क्लॅम्प द्या आणि मध्ये सैल झोळ ठेवा. दार पूर्ण उघडून बघा: वायर ताणली जाऊ नये, बंद करताना बिजागरीत चिमटू नये. बिजागरीच्या भरवशावर दाराचं अर्थिंग सोडू नका. हिरवी-पिवळी वायर किंवा कॉपरची वेणी वेगळी जोडा, आणि तिच्या स्टडखालचा रंग खरवडून काढा. रंगावर घट्ट केलेला नट म्हणजे अर्थिंग नव्हे.

नंबर वाचायला शिका: १३-१४ एनओ (एरवी उघडा, दाबल्यावर बंद होणारा), २१-२२ एनसी, दिव्याला एक्स१-एक्स२. दोन्ही टोकांना फेरूल (वायरचा नंबर सांगणारी नळी), दोन्ही टोकांना लग (तारांवर दाबून बसवायचं धातूचं टोक). दारावरचं काम नेहमी उभ्याने, दिव्यांच्या गर्दीत करावं लागतं, आणि फेरूल नसेल तर पुढच्या माणसाला ते नरक वाटतं.

धूळ, पाऊस, नावपट्ट्या

फाउंड्री, रबर, पीठगिरणी अशा धुळीच्या जागी दारावरचा प्रत्येक नग आयपी ६५ चा घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा). पॅनेल आयपी ५४ आणि त्यात एक हलका सिलेक्टर, तर अख्खं पॅनेल त्या सिलेक्टरच्याच दर्जाचं. माथ्यावर टॉवर लाइट असेल तर त्याच्या बुडाची गॅस्केट पावसाआधी, मे अखेरीला बघा. पत्र्यातून थेंब पडला की तो तिथूनच आत जातो. केबल ग्लँड खालून, न वापरलेली भोकं बुचाने बंद. जूनपासून चार महिने रात्री बंद राहणाऱ्या पॅनेलमध्ये थर्मोस्टॅटसह छोटा हीटर असला की कॉन्टॅक्टवर दव धरत नाही.

नावपट्टी मराठीत करा, किंवा मराठी-हिंदी दोन्हीत. ‘तेल कमी’, ‘दार उघडं’, ‘पंप ट्रिप’. शब्द दोन-तीन, अक्षर मोठं, कोरलेलं. स्टिकर कूलंटने निघून जातो. तातडीला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत सगळं मिळतं आणि मीही आणते, पण इमर्जन्सी स्टॉप आणि कॉन्टॅक्ट ब्लॉक बिलाशिवाय, डब्याशिवाय घेत नाही.

चाचणी

पॅनेलला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावण्याआधी एलईडी दिवे, एसएमपीएस (डीसी सप्लाय देणारं युनिट), पीएलसी सोडवून ठेवा; ५०० व्होल्टने ते जातात. मग सप्लाय द्या आणि लॅम्प टेस्ट दाबा: सगळे दिवे, सगळे टॉवर, हूटर. लॅम्प टेस्टचं बटण मी ग्राहकाने मागितलं नाही तरी देते. विझलेला दिवा ‘सगळं ठीक’ म्हणतो आहे की स्वतःच गेला आहे, हे ते बटण नसेल तर कळायला मार्ग नाही.

त्यानंतर प्रत्येक सिग्नल त्याच्या मुळापासून तपासा. पीएलसीत बिट जबरदस्तीने चालू करून दिवा पेटला म्हणजे काम झालं असं नाही. ओव्हरलोड रिलेचं टेस्ट बटण दाबा, फ्लोट स्विच हाताने उचला, प्रेशर स्विचची वायर काढा. सप्लाय बंद करून स्टॉपची एक वायर सोडवा, पुन्हा सप्लाय द्या आणि स्टार्ट दाबा. मशीन सुरू झालं तर स्टॉप चुकीचा जोडला आहे. इमर्जन्सी स्टॉपचा ब्लॉकही असाच सप्लाय बंद असताना मागून सोडवा, मग सप्लाय देऊन स्टार्ट दाबा. सेफ्टी रिले लागता कामा नये. त्याचे दोन्ही मार्ग एकेक करून तोडून बघा. प्रत्येक ओळीपुढे टिक, तारीख, सही, सुरुवातीला केलेल्या त्याच तक्त्यावर.

तो तक्ता लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला ड्रॉइंगच्या खिशात ठेवा. सोबत दोन सुटे दिवे, एक एनसी ब्लॉक, थोडे कोरे फेरूल, आणि सगळ्यांचे मॉडेल नंबर लिहिलेला कागद. रात्रपाळीच्या वायरमनला पहाटे तीन वाजता दुकान उघडं मिळत नाही.